वजनाचा प्रश्न

मे संपत आला की मस्तगडच्या आमच्या गल्लीत गुलाबी धूळ येते. कपाशीच्या बियाण्याला औषधाचा रंग चोळलेला असतो. टेम्पोतून खोकी उतरवताना एखादं पाकीट फुटतं आणि तो रंग हमालांच्या हातांना, माझ्या दुकानाच्या पायरीला, पायरीवर झोपणाऱ्या कुत्र्याच्या पाठीला लागतो. माझं दुकान बियाण्याचं नाही. मी तिकिटं काढून देतो. रेल्वेची, बसची आणि गेली काही वर्षं बहुतेक विमानाची. पण जालन्यात राहून बियाण्यापासून लांब राहणं कुणाला जमलेलं नाही, मलाही नाही. यंदाही परवा सकाळी पायरी पुसायला वाकलो, फडकं गुलाबी झालं आणि तो हंगाम आठवला. दरवर्षी आठवतो. मला तो आठवायला आवडतो असं मुळीच नाही.

बाहेरच्या माणसाला आधी 'स्कीम' म्हणजे काय ते सांगायला हवं. बियाणं कंपन्या खेड्यापाड्यांतल्या कृषी सेवा केंद्रांना विक्रीचा आकडा ठरवून देतात. आकडा गाठला की बक्षीस. पूर्वी बक्षीस म्हणजे भिंतीवरचं घड्याळ किंवा कुकर असायचा. मग टीव्ही आला. आता परदेशाची सहल. बाली, फुकेत, मॉरिशस. जालन्यापासून समुद्र कुठल्याही बाजूनं लांबच. जिथं धरणाचं पाणी बघायला लोक डबे घेऊन जातात, तिथला दुकानदार सरळ हिंदी महासागरातल्या बेटावर जाऊन उभा राहतो, आणि त्याला तिथवर पोचवायचं काम माझं. कधीकधी मला स्वतःलाच हसू येतं.

या सहली श्रावणाच्या आसपास निघतात. त्याआधी दुकानदाराला मान वर करायला सवड नसते. मृगापासून दुबार पेरणीचं सावट टळेपर्यंत तो गल्ल्यावरून उठत नाही. पिकं गुडघाभर झाली, खताचा दुसरा हप्ता विकून झाला की त्याचे हात मोकळे होतात. गंमत अशी की नेमक्या याच दिवसांत त्या बेटांवर जाणारी गर्दी ओसरलेली असते. सुट्ट्या संपलेल्या, शाळा सुरू, नवी लग्नं व्हायला अजून वेळ. म्हणून तिकिटं स्वस्त, म्हणून कंपन्या खूश. आणि गर्दी ओसरली की विमान कंपनी मोठं विमान दुसरीकडं पळवते आणि या वाटेवर छोटं लावते. आमचा मोकळा हंगाम आणि विमानाचा मोकळा हंगाम एकच. हे गणित मला आज पाठ आहे. त्या वर्षी नव्हतं.

मोठं विमान म्हणजे दोन वाटांचं. खिडकीशी दोन खुर्च्या, मधे चार, पलीकडे पुन्हा दोन. जोडीनं जाणाऱ्यांना खिडकीकडच्या दोन-दोनच्या जागा फार आवडतात. छोट्या विमानात मधे एकच वाट, तीन इकडं, तीन तिकडं. मी हे खुर्च्यांचं चित्र काढून समजावतो, तेव्हा ठरलेला प्रश्न येतोच, की इंजिनं किती. दोन्ही विमानांना दोन-दोन, असं सांगितलं की चेहरे पडतात. एवढ्या पाण्यावरून जायचं आणि दोनच? मग मी सांगतो की एक बंद पडलं तरी दुसऱ्यावर ठरावीक वेळात कुठल्या ना कुठल्या धावपट्टीवर पोचता येईल, अशीच वाट आखलेली असते. त्यासाठी कधी वाट थोडी वाकवतात. वाकडी वाट म्हणजे जास्त इंधन. हे सगळं मी कुठल्या शाळेत शिकलो नाही, तिकिटं विकता विकता अंगावर आलं तसं समजून घेतलं.

त्या हंगामात मॉरिशसचा गट माझ्याकडे होता. अडतीस दुकानदार आणि गट सांभाळणारा म्हणून एकोणचाळिसावा मी. एका दुकानाला एक तिकीट, असा नियम. बायको न्यायची असेल तर आपल्या खिशातून, आणि तसं कुणी नेलं नव्हतं. तरी गटात सात बायका होत्या, सातही जणी स्वतःच्या दुकानाच्या मालकिणी. त्यांतली एक केदारखेड्याची सुजाताताई.

सुजाताताईनं कृषीची पदवी घेतलेली. नवरा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. तिनं गावात दुकान टाकलं तेव्हा पहिली दोन वर्षं बागायतदार तिच्या दारावरून पुढे जाऊन भोकरदनहून बियाणं आणायचे. कारण कुणी बोलून दाखवत नव्हतं. दुकानात गल्ल्यामागं बुद्धाचा फोटो होता, कारण तेवढंच होतं. मग एका साली मिरचीवर रोग पडला. तिनं फुकट सल्ला दिला, तो लागू पडला आणि लोक हळूहळू दुकानाची पायरी चढायला लागले. त्या वर्षी तिनं पहिल्यांदा आकडा गाठला होता. पासपोर्टच्या चौकशीला पोलीस गावात आला तेव्हा त्यानं चार ठिकाणी तिचं घर विचारलं. त्यामुळे ती विमानानं कुठंतरी चालली आहे, हे अख्ख्या केदारखेड्याला कळलं. कागद द्यायला आली तेव्हा हसून म्हणाली होती, "आता न्हाई गेले तर गावात तोंड दाखवायची सोय न्हाई, भाऊ."

जूनच्या मध्यावर फोन आला. माझ्या गल्लीत तेव्हा पाय ठेवायला जागा नव्हती. टेम्पोवाले एकमेकांच्या नावानं ओरडत होते आणि फोनवर विमान कंपनीची मुलगी हळू, गोड आवाजात सांगत होती की विमान बदललंय, छोटं लावलंय आणि माझ्या गटाच्या सहा जागा काढून घेतल्या आहेत.

मी म्हटलं, छोटं लावा, पण त्यात एकोणचाळीस माणसं बसणार नाहीत का? ती म्हणाली, बसतील, पण जागा विकता येत नाहीत. का? तर वजनाचा प्रश्न आहे. सहा-साडेसहा तास समुद्रावरून जायचं. बेटावर उतरायला गेलो आणि हवा बिघडलेली असली, तर दुसऱ्या बेटापर्यंत जाता येईल आणि वर थोडा वेळ घिरट्या घालता येतील, एवढं इंधन जवळ हवं. मोठ्या विमानाला त्याचं काही वाटत नाही. छोट्या विमानाची मात्र टाकी एवढी भरली की माणसं आणि सामान मिळून वजन मर्यादेच्या वर जातं. मग खुर्च्या रिकाम्या ठेवून उडायचं.

मला ते पटायला दोन दिवस लागले. आमच्या भागात 'सीट' या शब्दाचा अर्थच वेगळा आहे. जालना-भोकरदन काळी-पिवळी जीपचा ड्रायव्हर "दोन सीट कमी आहे" म्हणतो तेव्हा त्याला खुर्च्या नाही, माणसं कमी असतात. सीट म्हणजे माणूस. तो बसतो, लटकतो, ड्रायव्हरच्या उजव्या हाताला दारात अर्धा बाहेर राहतो, पण तो सीट असतो. सीट भरल्याशिवाय गाडी हलत नाही. आणि इथं एक वाहन असं निघालं होतं की सगळ्या सीट भरल्या तर ते हलणारच नाही. खुर्ची रिकामी आणि माणूस खाली, हे ज्यानं आयुष्यभर काळी-पिवळीतून प्रवास केला त्याच्या गळी कसं उतरावं?

मी बियाणं कंपनीच्या साहेबांना फोन लावला. ते औरंगाबादच्या रस्त्यावर कुठंतरी गाडीत होते. हंगाम जोरात, डोकं तापलेलं. म्हणाले, "सहा कमी करा. ज्यांना कमी करू त्यांना फ्रीज देऊ. कोणाला करायचं ते तुम्हीच बघा, तुम्ही सगळ्यांना ओळखता." आणि फोन ठेवला.

ओळखत होतोच. तेच वाईट झालं. मी समोर यादी घेतली आणि पेन्सिलीनं नावं खोडायला लागलो. कुठल्या पद्धतीनं? आज सरळ सांगतो. प्रत्येक नावापाशी थांबून मी एकच विचार केला, की याला नाही म्हटलं तर हा किती तमाशा करेल. जो दुकानात येऊन टेबलावर हात आपटेल, त्याचं नाव ठेवलं. जो चार जणांत माझी अब्रू काढेल, त्याचं ठेवलं. जे फोनवर "बरं" म्हणतील, त्यांची खोडली. सहा नावं झाली. त्यांत चार बायका होत्या आणि दोन लांबच्या खेड्यातले मुके-मुके दुकानदार. पाचवं नाव सुजाताताईचं. पाच मिनिटांचं काम. लगेच मी चहा मागवल्याचंही मला आठवतं.

मग सगळ्यांना फोन केले. ज्यांची नावं राहिली त्यांनाही विमान बदलल्याचं सांगायचं होतं. धावड्याचे अण्णा आमच्या भावकीतले. धावड्याला आमची शेती आहे, ती भाऊ बघतो आणि अण्णा त्याचे बांधशेजारी. अण्णांनी आकडा गाठताना शेवटची तीस पाकिटं स्वतःच घेऊन घरात रचली होती, हे सगळ्यांना माहीत होतं. त्यांना म्हटलं, "अण्णा, विमान बदललं. वजनाचा प्रश्न आला, म्हणून सहा जण कमी केले."

अण्णा आवाज खाली आणून म्हणाले, "मंग सरळ सांग ना, दिलीप. किती ठेवायचं?"

"काय किती ठेवायचं?"

"वजन. फाईलवर ठेवतेत तसं. तलाठ्याला ठेवलं, बँकेत ठेवलं, आता इमानात बी ठेवू. खर्चा सांग बिलकुल मोकळ्या मनानं."

मी इतका हसलो की शेजारचा कापडवाला डोकावून गेला. अण्णांना समजावलं की हे वजन किलोतलं आहे, विमानाचं आहे, तुमचं नाव पक्कं आहे. अण्णांनी शेवटपर्यंत विश्वास ठेवला नाही. आपलं काम भावकीमुळं फुकटात झालं, असं मानून त्यांनी मला एक पोतं भुईमुगाच्या शेंगा पाठवल्या. शेंगा चांगल्या होत्या.

सुजाताताईला फोन केला तेव्हा मी अजून हसण्याच्या भरात होतो. तेच वाक्य म्हटलं. विमान बदललं, वजनाचा प्रश्न आला, सहा नावं कमी करावी लागली, तुमचं त्यात आहे, कंपनी फ्रीज देणार आहे. मला वाटलं, आता "बरं" म्हणेल.

ती म्हणाली, "म्हणजे आमचं वजन कमी पडलं."

अण्णांना आणि तिला मी तेच वाक्य सांगितलं होतं. दोघांनीही ते चुकीचं ऐकलं, आणि दोघांनी वेगवेगळं ऐकलं. आपल्या भाषेत हा शब्द फार सोयीचा आहे. तालुक्यात वजन असणारा माणूस काट्यावर पन्नास किलोचाही भरू शकतो. मी घाईघाईनं तिला इंधन सांगितलं, समुद्र सांगितला, दुसरं बेट सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "येते मी उद्या." हंगामाच्या ऐन दिवसांत दुकान बंद करून कुणी येत नसतं. तिच्यामागं नवरा शाळेत, दुकानात दुसरं कुणी नाही. तरी ती आली.

समोर बसली. पाणी दिलं, ते घेतलं. म्हणाली, "इमानाचं समजलं मला, भाऊ. इंधन जास्त, म्हणून माणसं कमी. बराबर आहे. सहा कमी करायचे होते, हे बी समजलं. त्या सहांत मी कशी आले, तेवढं न्हाई समजलं. विक्रीत मी अकरावी आहे. साहेबांनीच मेसेज टाकला होता."

अण्णा विक्रीत छत्तिसावे होते, घरात रचलेली तीस पाकिटं धरून.

मी म्हटलं, "यादी कंपनीनं केली, ताई. माझ्या हातात काही नाही."

हे वाक्य तोंडातून कसं निघालं ते मला कळलंसुद्धा नाही. खोटं बोलताना अडखळायला होतं म्हणतात, पण मी जराही अडखळलो नाही. ती माझ्याकडे बघत होती. माझ्या टेबलाच्या काचेखाली ती पेन्सिलीनं खोडलेली यादी होती आणि तिच्यावर मी वही सरकवली.

"कंपनी म्हणती फ्रीज घ्या," ती उठता उठता म्हणाली. "फ्रीज आहे आमच्याकडं."

त्या रात्री झोप लागली नाही असं काही लिहिणार नाही. लागली. पण दुसऱ्या दिवशी तिकिटांचं काम हातात घेववेना. मला लाज वाटत होती. वयाच्या पन्नाशीत, धंद्यात एवढी वर्षं काढल्यावर, एका माणसानं साधा प्रश्न विचारला म्हणून. गटाच्या तिकिटांवर नावं घालायची मुदत अजून होती. मी माझं नाव काढलं आणि तिचं घातलं. साहेब वेगळ्या तिकिटावर तिकडं जाणारच होते, गट तेच सांभाळतील असं ठरवलं, त्यांनाही तसं कळवलं. तिला फोन करून सांगितलं, की विमान कंपनीनं एक जागा परत दिली. म्हणजे दुसरं खोटं. पहिल्याला झाकायला दुसरं. तिनं एवढंच विचारलं, "एकच दिली?" मी हो म्हटलं. बाकीच्या पाच जणांनी फ्रीज घेतले. एकानंही भांडण केलं नाही. माझा अंदाज अचूक होता.

कुणी म्हणेल की तुम्ही स्वतःची जागा सोडलीत, मन मोठं केलंत. माझ्या बायकोनं तसं म्हटलंसुद्धा. मी तिला खरं सांगितलं नव्हतं. जागा सोडणं मला जड गेलं नाही, मॉरिशस मी आधी दोनदा बघितलं होतं. मला जे सोडायला जड गेलं असतं, ते मी सोडलं नाही. समोर बसून "नाव मी खोडलं" म्हणायचं होतं, तेवढंच राहिलं.

आता मी यादी विक्रीच्या क्रमानं करतो आणि दुकानाच्या भिंतीवर लावतो. वर लिहिलेलं असतं, की जागा कमी झाल्या तर खालून जातील. येणारा जाणारा बघतो, मापं काढतो, भांडतो. परवाच एका परतूरच्या दुकानदारानं तासभर डोकं खाल्लं. खाऊ दे. विमान कुठलं लागणार, हे मी आता तीन-तीनदा विचारून घेतो आणि छोटं लागण्याची नुसती कुणकुण असली तरी सहा-आठ जागा सोडूनच बियाणं कंपनीला आकडा देतो. साहेब लोकांना हे फार हुशारीचं वाटतं.

त्या वर्षीचा गट श्रावणात गेला आणि आला. अण्णांनी फोन करून सांगितलं की इमानात जेवण थोडं होतं पण सरबत मागेल तेवढं. सुजाताताईचा फोन नाही. गौरी-गणपतीच्या आधी एका दुपारी ती स्वतःच आली. गल्ली धुऊन निघाली होती, गुलाबी रंगाचा मागमूस नव्हता. तिनं पिशवीतून तिथल्या चहाचं एक पाकीट काढून टेबलावर ठेवलं. म्हणाली, व्हॅनिलाचा वास आहे, दुधात चांगला लागत नाही, कोरा करा.

मी विचारलं, प्रवास कसा झाला?

"चांगला झाला. जाताना मागच्या ओळी रिकाम्या होत्या, भाऊ. मी उठून मागं जाऊन मोजल्या. एकवीस खुर्च्या. इमानातल्या बाईला विचारलं, इथं माणसं का न्हाई बसवली? ती म्हणली, लांब जायचंय, इंधन जास्त घेतलंय, म्हणून. मंग म्हणलं, वजनाचं तुम्ही खरं बोलले होते."

मी मान हलवली. चहाच्या पाकिटावर शिडाच्या एका बोटीचं चित्र होतं, मी त्याच्याकडे बघत राहिलो.

"यादी कंपनीची नव्हती, ताई," मी म्हटलं. "मी केली होती. जे भांडणार नाहीत, त्यांची नावं खोडली. तुमचं त्यात होतं."

"म्हाईत आहे," ती म्हणाली. "साहेबांनी तिथं पोचल्या पोचल्या सांगितलं. पहिल्याच दिवशी, समुद्राच्या काठावर. हसत हसतच सांगितलं त्यांनी."

तिनं पिशवीची घडी घातली, काखेत धरली. आवाज चढलेला नव्हता, दुकानात औषधाचं प्रमाण सांगावं तसा सरळ होता.

"मी भांडत न्हाई, असं वाटलं ना तुम्हाला? पाच दिवस त्या समुद्राकडं तोंड करून मी तुमच्याशीच भांडत होते, भाऊ. समुद्र बघायचा राहूनच गेला."